कुरकुर

दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर एक सासू आणि तिची आठव्या महिन्यातली सून बसल्या होत्या.

"चप्पल काढ बघू. अगं, हे पाय आहेत की फुगे?"

"परवापासून सुजलेत, आई. डोकंही ठणकतंय. डोळ्यांपुढे काजवे चमकतात."

"माझ्या दिवट्याला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, या दिवसांत असं होतंच. पाणी पी आणि पडून राहा."

"हा केव्हा बाळंत झाला होता? स्वतःला दोन शिंका आल्या तर घर डोक्यावर घेतो."

"म्हणाले, आईनं चार मुलं वाढवली, कधी कुरकुर केली नाही."

"केली नाही? ऐकायला होतं कोण? ह्याचा बाप? तो कूस बदलून घोरायचा."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"काय बोलू? चार नाही, पाच बाळंतपणं झाली माझी. पहिली मुलगी हाती लागली नाही. तेव्हा मलाही असेच काजवे दिसत होते. घरात सगळे म्हणाले, नाटकं करते."

नर्सनं येऊन सुनेचा रक्तदाब मोजला. पुन्हा एकदा मोजला.

"नंबर राहू द्या. तुम्ही आधी आत चला. आज दाखल करावं लागेल, पण वेळेत आलात."

"ऐकलंस? ऊठ. आणि डॉक्टरांपुढे 'तसं काही नाही' म्हणालीस, तर माझ्याशी गाठ आहे."

"आई, फोन वाजतोय. त्यांचाच आहे."

"वाजू दे. जेवायला काय केलंय, एवढंच विचारणार."