दर्याकडच्या खिडक्या

न्हाई, टेम्पो आत घ्यायचा न्हाई. तिथंच राहू द्या, लिंबाखाली, आन इंजन बंद करा – गल्लीतली मानसं लगेच दारात येतात बघाय. काय नाव म्हनालात? परवेझ. श्रीवर्धनकडचे. बरं. मेहताबनं पाठवलं म्हनता. मग तिचं नाव एवढ्या मोठ्यानं कशाला घेता, मी काय बहिरा हाय? बोअरच्या गाडीवर जल्म गेला माझा, तरी एक कान शाबूत हाय. बसा. त्या बाजेवर न्हाई, पायरीवर बसा. चहा मिळायचा न्हाई. चहा करनारी तुमच्याकडं हाय आता, तिलाच मागा.

तर बांधकाम तुमी घेतलंय. माझ्या जागेवर. व्हय, व्हय, जागा तिच्या नावावर हाय, मीच केली ना तिच्या नावावर – मला काय ठावं ती खरंच तिथं जाऊन बसंल. गावात मी काय सांगितलंय माहीत हाय का तुमाला? मेहताब राजूरला गेली, भाऊ आजारी हाय तिचा. आता त्या भावाला मानसानं किती दिस आजारी ठेवायचं? मागच्या जुम्म्याला मशिदीत एकानं त्याच्यासाठी दुवा मागितली, मला आमीन म्हनावं लागलं. धडधाकट हाय तो. आन तुमी रायगडच्या नंबराचा टेम्पो घेऊन भर दुपारी मिरजगावात येता, आन चारचौघांत इचारता, रज्जाक बोअरवाल्यांचं घर कुठं, चाचींनी दार मागवलंय म्हनून.

तिनं तुमाला सांगितलं असंल, घर तिच्या मनात आलं. खोटं हाय. घर माझ्या मनातलं. तुमी तवा शाळेत असाल – आमी गाडी घेऊन तुमच्या बाजूला आल्तो, एका बागायतदाराच्या नारळीत बोअर घ्यायला. हितं आमच्याकडं कसं असतं, दगड फोडत जा, फोडत जा, वर येती ती धूळच, आन शेताचा मालक पोराबाळांना घेऊन समोर उभा, कुनी नवस बोललेला, कुनी नारळ फोडलेला – त्यांच्या तोंडाकडं बघवत न्हाई. आन तुमच्याकडं मी गाडीतनं उतरलो तर समोर एवढं पानी. नुसतं पडलंय. कुनी मागितलं न्हाई, कुनी खोदलं न्हाई. मला काय वाटलं सांगू? राग आला. खरंच राग आला. मग सांजच्याला वाळूत बसलो तर तो राग कुठं गेला ते कळलं न्हाई. त्याच बागायतदाराकडनं ती टोकाची खडकाळ जागा घेतली, त्याला तर नकोच हुती ती. घरी येऊन म्हनलं, मेहताब, म्हातारपनी दर्याकाठी राहायचं आपन. ती म्हनली, हितं प्यायला टँकर येतो आन तुमाला दर्या सुचतोय. हसली. लई हसली हुती तवा.

पन मी सोडलं न्हाई. ह्या अंगनात कोळशानं नकाशा काढायचो – हितं बैठक, हितं सैपाकघर, ही माझी खोली, म्होरं ओटा. ती झाडून काढायची, मी परत काढायचो. नगरला एक जुना बंगला पाडत हुते, तिथनं सागवानी दार आनलं, चार खिडक्या आनल्या, गोठ्यात ठेवल्या ताडपत्रीखाली. दर उन्हाळ्यात तेल लावायचं. त्यांच्यापायी शेळ्या बाहेर, पावसात सुदिक. पाव्हना आला की मी त्याला दर्याचं घर सांगायचो, वारा कुठनं येनार, ऊन कुठं पडनार, समदं – आन ती तिथं उंबऱ्यात उभी राहून ऐकायची. ऐकून ऐकून तिला ते खरं वाटाय लागलं. त्यात माझा काय दोष?

मग गाडी इकली. अलिझाचं, पोरीचं, लगीन झालं, ती सुप्याला गेली, जावई तिथं कंपनीत हाय. घरात आमी दोघंच. एक दिस मेहताब म्हनली, चला. म्हनलं, कुठं? म्हनली, दर्यावर, आता हितं काय राहिलंय आपलं? मी म्हनलं, ईद होऊ दे. ईद झाली. म्हनलं, पावसाळा जाऊ दे, तिकडं पाऊस लई. पावसाळा गेला. म्हनलं, खारा वारा लोखंड खातो, नीट इचार करू, नकाशात सैपाकघर चुकलंय. तिनं हातातला झाडू भिंतीला लावला आन म्हनली – आवाज चढवून न्हाई बरं, भाकरी झाली हाय म्हनावं तसं – म्हनली, तुमाला घर नको हाय, घराचं बोलनं पायजे. नवऱ्याशी बोलायची रीत हाय का ही? मी म्हनलं, जायचं तर जा एकटी. आता असं कोन म्हनत न्हाई? सगळेच नवरे म्हनतात. कुनाची बायको जाती का? ही गेली. सकाळी वळकटी आन पिशवी घेऊन हायवेला उभी राहिली, मी हितनं बघत हुतो, वाटलं, वळंल. एस्टी आली. आन अलिझा – पोटची पोर – मला फोनवर म्हनती, अब्बा, अम्मीला राहू द्या तिकडं, बरी हाय ती.

बरी हाय. त्या निळ्या पत्र्याच्या खोपटात बरी हाय, शेजारी मासळीचा वास, दाराला नुसतं पोतं – असं काय बघताय माझ्याकडं? मला कसं ठावं म्हंजे? अलिझानं सांगितलं. – बरं, न्हाई सांगितलं अलिझानं. गेल्तो मी. तिला म्हाईत न्हाई आन तुमी सांगायचं न्हाई. कपड्यांची बॅग घेऊन गेल्तो. तिथं वाळूवर एक होडी पालथी घातलेली हाय ना, रंग उडालेली, तिच्या आडोशाला उभा हुतो. ती कोळनींत बसून बोंबील उलटत हुती. हितं सुकटीचा वास आला तर नाकाला पदर लावायची, ती. वाऱ्यानं पदर खांद्यावर आलेला आन हसत हुती. कुनीतरी कायतरी बोललं आन ही हसत हुती. हाक मारनार हुतो, तेवढ्यात एक मानूस आला, म्हनला, कोन पायजे बाबा? मी म्हनलं, कोन न्हाई, गाव चुकलो. त्याच एस्टीनं माघारी.

का म्हंजे? हितं अजून मी रस्त्यानं निघालो तर मानसं सायकल थांबवतात, रज्जाकभाई, जरा वावरात येऊन बघा, कुठं लागंल. तिथं कोन इचारंल मला? तिथं पानी समोर पडलंय. तिथं मी कोन? मेहताबचा नवरा.

सोडा ते. तुमी कामाचं बोला. दार पायजे, आन खिडक्या. गोठ्यात चार हायेत, ताडपत्री काढा आन – काय? खिडकी? एक? नीट आठवा, एकच म्हनली का? बैठकीला दोन, सैपाकघराला एक, माझ्या खोलीला एक, तिला तर तोंडपाठ हाय समदं. एक खिडकी म्हंजे – एकच खोली बांधताय तुमी. बरं, ओटा तरी?

ओटा बी न्हाई.

घेऊन जा. चारी घेऊन जा. लावायच्या असल्या तर लावा, न्हाईतर त्या कोळनींना चुलीत घालाय द्या, मला कळवायचं न्हाई. मी हात लावनार न्हाई, तुमचं तुमी उचला. जड हाय? असंल, सागवान हाय. आन तो फोन कशाला काढताय? कुनाला लावताय? ठेवा तो खिशात. काय म्हनायला सांगितलंय तिनं – न्हाई, सांगू नका. ऐकायचं न्हाई मला. दोर नीट आवळा, घाटात काचा फुटतील. निघा. गेट मी लावतो.