नावं संपेपर्यंतचा सिनेमा

आणि वर आमचे हे म्हणतात, "कालच नेलं होतं की तुला सिनेमाला!" नेलं होतं! तुम्हाला सांगते, बाळंतपणानंतर मी सिनेमे पाहिले ते सुरुवातीच्या नावांपुरते. आमची ठमी, अजून वर्षाची नाही, नावांचं संगीत लागलं की खांद्यावर गाढ झोपते आणि दिग्दर्शकाचं नाव येऊन गेलं की असं भोकाड पसरते... नावं संपली की ठमी उठली! मग मागून, "ओ ताई, बाहेर न्या ना!" की मी दुपटं, बाटली, पिशवी घेऊन बाहेर.

पण नावं? एकात अक्षरं धुरातून यायची, वाचेपर्यंत परत धूर! एकात काळ्यावर पांढरी, दारावरच्या पाटीसारखी, गरीब बिचारी. एकात हिरो गाडी हाकतोय आणि नावं समोरच्या भिंतींवर... मला धसका, हा वाचत बसला आणि आपटला तर? एकात चित्रातलं मांजर नावं शेपटीनं पुसत जायचं. त्या मांजराचं पुढे काय झालं? मला काय ठाऊक! नावं संपली की ठमी उठली!

म्हणून काल सासूबाई म्हणाल्या, "ठेव तिला माझ्यापाशी, एक तरी सिनेमा शेवटपर्यंत बघून ये." गेलो. दिवे मालवले आणि धाडकन खूनच! मी ह्यांना कोपर मारलं, "अहो, नावं?" "हल्ली काहींत नसतात सुरुवातीला. बघ गुपचूप." म्हटलं, वा! नावंच नाहीत तर संपतील काय? खुनी माळी की मेहुणा, अशी रंगले म्हणता... आणि अर्ध्या तासानं, ऐका हं, अर्ध्या तासानं ढँण! नावं सुरू! माझा हात आपोआप थोपटायला लागला, शेजारच्या काकांचा खांदा थोपटला हो मी! दिग्दर्शकाचं नाव आलं आणि मी पिशवी उचलून थेट बाहेर. दारावरचा माणूस म्हणतो, "आज बाळ कुठंय?"

बाळ कुठंय! घरी आहे, हे आठवलं तरी राहवेना. फोन लावला, "आई, रडतेय ना ती? खरं सांगा!"

"अगं, ती केव्हाची झोपलीय. रडतेयस तूच."

पण इतका वेळ झोपते का ती कधी? तुम्हीच सांगा! ह्यांना आत खुन्यापाशी सोडून धावत घर गाठलं, श्वास नीट चालतोय ना बघायला ठमीला जरासं हलवलं...

उठली. आता सासूबाई बोलत नाहीत माझ्याशी.