उमाबाईंची सावड

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे प्रमुख आदरणीय आप्पासाहेब, मंचावरील सन्माननीय पाहुणे, सहकारी बंधू-भगिनींनो, बिलोली-किनवटहून माहेरी आल्यासारख्या आलेल्या माझ्या जुन्या मुलींनो, आणि आजच्या सत्कारमूर्ती उमाबाई... अहो, टेका की नीट! खुर्ची तुमचीच आहे.

मी चंद्रप्रभा, या वसतिगृहाची गृहप्रमुख. देगलूरला नवी आले तेव्हा पहिल्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं. उमाबाईंनी अंबाडीची भाजी आणि गरम भाकरी समोर ठेवली आणि म्हणाल्या, "बाई, आधी खा, मग रडा." ते दिवस आठवले की अजून ऊर भरून येतो.

स्वयंपाकाला दोघी, उमाबाई आणि गुरम्मा. दोघीही अर्धवेळ, एक सकाळी, एक संध्याकाळी. आपल्याकडं काढणीला सावड करतात ना, आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या? या दोघींनी ती चुलीपाशी आणली. गुरम्माच्या रानात सोयाबीन आलं की उमाबाई दोन्ही वेळ रांधायच्या. उमाबाईंच्या घरी पाहुणे आले की गुरम्मा. मला कुणी विचारायचं न्हाई, सांगायचंही न्हाई!

मग संस्थेनं आरोग्यविमा आणला. निम्मा हप्ता संस्था भरणार. अर्धवेळवाल्यांनाही मिळणार, पण वर्षाचे ठरलेले तास भरले तरच. आपले लिपिक शिवशंकर, माणूस सोन्यासारखा, पण नियमाला पक्का. जी आली तिची हजेरी. त्या वर्षी गुरम्माच्या पाळ्या जास्त करून उमाबाईंनीच रांधलेल्या. त्यामुळं सावडीचे सगळे तास उमाबाईंच्या नावावर, आणि गुरम्मा अपात्र. नेमकं तेव्हाच तिच्या पित्ताशयात खडे निघाले. नांदेडच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलेलं. विम्याशिवाय ते व्हायचं कसं?

उमाबाई तडक आप्पासाहेबांकडं गेल्या. मी मागोमाग, धाप लागेपर्यंत.

"साहेब, ते तास तिचे हायत. तिच्या नावावर करा."

आप्पासाहेब म्हणाले, "पण काम तर तुम्ही केलंत."

"काम तिचंच हाय. हात निस्ते माझे व्हते."

सभागृहातल्या शिकलेल्या मंडळींनो, सावडीत काम ज्याच्या रानातलं त्याचंच असतं, हे आपण कधी विसरलो हो?

आप्पासाहेबांना ते पटलं. पण शिवशंकरनं हळूच सांगितलं, "मावशी, मग तुमचे तास कमी पडतील." कारण त्याच वर्षी लेकीच्या बाळंतपणाला उमाबाई उदगीरला गेल्या होत्या; गुरम्मा दुखण्यानं पडून, म्हणून बदलीची बाई घेतलेली. उमाबाई म्हणाल्या, "पडू द्या. मला काय धाड भरली?"

ऑपरेशन झालं, गुरम्मा उभी राहिली. उमाबाई मात्र ते अख्खं वर्ष विम्याविना राहिल्या. त्यांना साधा खोकला आला तरी माझा जीव वर-खाली व्हायचा, आणि ही बाई वर मलाच हसायची! पुढच्या वर्षी आप्पासाहेबांनी दोघींचे तास एकत्र धरायचा नियम केला, त्यासाठी साहेब, तुमचे मनापासून आभार.

पाहुण्यांचे, तुम्हा सगळ्यांचेही आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, शिवशंकरला जास्तच टोचलं असेल, तर लेकीबाळीचं बोलणं समजून पोटात घाला.

आता जेवायला चला. आजची पाळी खरं तर उमाबाईंची होती. सवयीनं त्या सकाळी चुलीकडं गेल्याही, तर गुरम्मानं दारातूनच परतवलं. उमाबाई म्हणाल्या, "बरं बाई, रांध तूच. आज तुझी सावड फिटली."

गुरम्मा पिठाच्या हातानं डोळे पुसत म्हणाली, "फिटू कशी देईन, अक्का? फिटली तर तू पुन्हा येशील का?"