उजवीकडून उघडायचं

...आणि वर मलाच म्हणतो, 'दाजी, डिजिटल तर आहे, त्यात काय अवघड?' हे कोण बोलतंय, तर ओम, माझा मेव्हणा, नाशकात पंख्याखाली बसून, आणि मी इथे सौदीत, बुरैद्यात, युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीच्या तळघरात, बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आत एसी असा की मी स्वेटर घालून बसलोय... तुम्हाला सांगतो, एकोणीस वर्षं मी कॉलेजात लायब्ररियन होतो, पुस्तक द्यायचं, शिक्का मारायचा, पोरांना गप्प बसवायचं, संपलं. तर ही जाहिरात ओमनंच शोधली. डिजिटल लायब्ररियन पाहिजे. जुनी पुस्तकं स्कॅन करायची आणि कॉम्प्युटरवर चढवायची. 'बटण दाबायचं दाजी, डिजिटल आहे, त्यात काय अवघड?' मी निघालो तसा आमचा फ्रीजही तोच घेऊन गेला, म्हणजे सल्ला काही फुकटातला नव्हता.

आता माझी अडचण ऐका. दोन महिने प्रोबेशन. ते नीट पार पडलं की डायरेक्टरसाहेब एका पत्रावर सही करणार, ते पत्र जोडलं की बायकोचा, मधुमतीचा, आणि आमच्या रेवाचा व्हिसा. सही नाही झाली तर मी परत. आणि परत कुठे जाणार? भाड्याचं घर सोडलंय, मायलेकी ओमकडे राहतायत, स्वतःच्याच फ्रीजमधलं पाणी विचारून पितायत. रेवा रोज फोनवर, 'बाबा, व्हेन आर वी कमिंग?' मी म्हणतो, लवकरच बाळा, काम अगदी झकास चाललंय.

आणि चाललंच होतं हो! पुस्तकाचा बारकोड टिपला की नाव आपोआप येतं, त्यामुळे अरबी यायची गरज नाही, असं मुलाखतीतच सांगितलेलं. मग पुस्तक काचेखाली ठेवायचं, पान उलटायचं, पायानं पेडल दाबायचं, खटक. पान, पेडल, खटक. शेजारच्या मशीनवर मोहियुद्दीन म्हणून हैदराबादचा एकजण, तीन वर्षं जुना, पण मी आलो आणि चौथ्या दिवशी तो बहिणीच्या लग्नाला गेला, सहा आठवडे. तळघरात मी एकटा. बोलायला कुणी नाही, म्हणून हात सुटलेला... सहा आठवड्यांत चारशे बारा पुस्तकं! डायरेक्टर डॉक्टर नबील, अतिशय शांत माणूस, दर गुरुवारी यायचे, आकडा बघायचे, 'मुमताज' म्हणायचे, म्हणजे उत्तम, आणि जायचे. मी मनात मधुमतीची बॅग भरून ठेवलेली.

मग मोहियुद्दीन परत आला. मिठाईचा डबा दिला, खुर्चीवर बसला, दोन मिनिटं माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, 'हरिहर भाई, ये किताब आप पीछू से कायकू खोल रै?' मी म्हटलं, पीछू से कुठे, पुढूनच तर उघडतोय. त्यानं पुस्तक माझ्या हातातून काढलं, पालथं केलं, आणि त्या बाजूला छान सोनेरी अक्षरांतलं मुखपृष्ठ! मी आपला सहा आठवडे कोरा पुठ्ठा बघून म्हणत होतो, जुनी पुस्तकं, साधीच असायची.

मला ठाऊक नव्हतं का, अरबी उजवीकडून असतं ते? अहो, जगाला ठाऊक आहे! पण डोक्याला ठाऊक असलेलं हाताला कोण सांगणार? एकोणीस वर्षं हाताची सवय डावीकडून. आणि पानांवरचे आकडे अरबी, ते चढतायत का उतरतायत, मला कळणार कसं? म्हणजे चारशे बारा पुस्तकं कॉम्प्युटरवर शेवटच्या पानापासून सुरू होऊन मुखपृष्ठावर संपतायत. सहीला उरलेत नऊ दिवस.

मोहियुद्दीन म्हणाला, 'टेन्शन नक्को लो भाई, डिजिटल है, इसमें क्या मुश्किल?' हासुद्धा! म्हणे एक आज्ञा आहे, ती दिली की पानांचा क्रम उलटतो. तो नमाजाला गेला, मी म्हटलं, शुभस्य शीघ्रम्. 'सिलेक्ट ऑल' केलं आणि दाबलं. आता तुम्हाला सांगतो, ऑल म्हणजे ऑल. आम्हा दोघांचा लॉगिन एकच. माझी चारशे बारा सुलटी झाली आणि मोहियुद्दीनची तीन वर्षांतली तीन हजार उलटी झाली. पुन्हा दाबावं तर त्याची सुलटी, माझी उलटी. वेगळी काढावीत तर तारखा सगळ्यांना आजच्याच लागलेल्या...

मोहियुद्दीन परत आला, बघितलं, डोक्याला हात लावून बसला. पण माणूस भला. म्हणाला, 'नौ दिन चुप बैठो. दस्तखत होने दो, भाभी को आने दो, फिर देखते.' आणि खरं सांगतो, गप्प बसावंसं मलाही वाटलं. रेवाचा फोन येऊन गेला होता नुकताच. पण एकोणीस वर्षं मी पोरांना फाटक्या पानाचा दंड लावत आलोय हो... गेलो डायरेक्टरसाहेबांकडे.

तिथे आधी कहवा, म्हणजे त्यांची अरबी कॉफी. बरोबर बुरैद्याचा खजूर. एवढासा कप, मी घाबरून एका घोटात संपवायचो आणि तोंड उघडायचो, की साहेबांनी पुन्हा ओतलाच. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा कहवा. सात कप. आठव्याला मी कप धरूनच सगळं सांगून टाकलं. साहेबांनी विचारलं, 'किती?' म्हटलं, तीन हजार चारशे बारा. मग साहेबांनी माझ्या हातातला कप घेतला, जरासा हलवून दाखवला, 'हा असा हलवला की मी ओतायचं थांबतो.' आणि ड्रॉवरमधून पत्र काढून नऊ दिवस आधीच सही केली! म्हणाले, चूक सांगायला कुणी स्वतः येत नाही. अट एकच, एकेक पुस्तक स्वतः उघडून बघायचं आणि नीट लावायचं. मला रडूच आलं, ते खजुराच्या बीवर ढकललं.

झालं. आठ आठवडे तेच. पुस्तक उचल, उजवीकडून उघड, कॉम्प्युटरशी ताडून बघ. तीन हजार चारशे बारा वेळा. शेवटी हात असा तयार झाला की मोहियुद्दीन म्हणाला, अब आप पक्के. व्हिसाचे कागद मात्र बाकी होते, कारण मधुमतीनं लग्नाच्या दाखल्याची फाईल शिक्के मारून मारून नुकतीच पाठवलेली, बारा पानं. ती मी आपल्याच मशीनवर घेतली. पान, पेडल, खटक. पाठवून दिली.

काल अर्ज परत आला. 'पहिलं पान दाखल्याचं हवं, तुमच्या पहिल्या पानावर नुसते शिक्के आहेत.' बारा पानं, बाराही उलटी. उजवीकडून उघडली होती मी... आता नवा अर्ज, म्हणजे आणखी एक महिना.

मधुमतीला फोन केला. ती शांतपणे म्हणाली, 'अहो, डिजिटल तर आहे, त्यात काय अवघड?'

खरंच, अवघड काहीच नाही. फक्त डावा कुठला आणि उजवा कुठला, हे मी आता रोज सकाळी मोहियुद्दीनला विचारून कामाला बसतो.