दार धरणारी

मला सांगा, माणसानं भरवसा ठेवायचा तरी कुणावर? गिऱ्हाइकावर? ते ‘उद्या नक्की येतो’ म्हणतं आणि शेजारच्या दुकानात शिरतं. जावयावर? आमचा जावई सासऱ्यालाच गाडी ढकलायला लावतो! पण डिकीचं दार... आपल्याच गाडीचं, आपण रोज पुसलेलं, आणि तेच आपल्या पाठीत बसावं? दाराचा काय भरवसा, सांगा!

माझा धंदा उशांचा. लहानपणी उशाशी पुस्तक घेऊन झोपायचो. पुढे पुस्तक सुटलं, उशी राहिली. छोटी गाडी आहे, मागची सीट आडवी केली की छपरापर्यंत उशा भरायच्या आणि लॉजवर, वसतिगृहांत नेऊन द्यायच्या. आता त्या डिकीचं दार वर उचलून धरायला दोन बाजूंना दोन गॅसचे दांडे असतात, मेस्त्रीलोक त्यांना शॉकर म्हणतात. गॅस गेला की दांड्यात दम राहत नाही. दार वर जातं, क्षणभर विचार करतं, आणि... धप्प! मी कंबरेपर्यंत उशांत, मागनं दार पाठीत, आणि लॉजचा मॅनेजर वरच्या गॅलरीतून विचारतोय, “शेठ, माल उतरवताय की स्वतःच भरले जाताय?”

तेव्हापासून आमची ही बरोबर यायला लागली. ती दोन्ही हात वर करून दार धरणार, मी आत शिरणार. “धरलंयस ना?” “धरलंय हो! आत झोपलात की काय?” आणि तुम्हाला सांगतो, झोप यायचीच... चारी बाजूंनी पांढरं, मऊ, गार... रस्त्याचे हॉर्न कापसातून गाळून येतायत... आणि त्या पांढऱ्याच्या पलीकडून हिचा आवाज. शेजारणीची सून काय म्हणाली, पंखा कसा करकरतो, लहानपणी तिला म्हणे ढगात घर बांधायचं होतं... ढगात! इतक्या वर्षांच्या संसारात मला हे ठाऊकच नव्हतं हो! घरी ती ओट्याशी, मी दुकानात, बोलणार कधी? मग मी काय केलं, दोन उशा काढायला चार उशांचा वेळ लावायला लागलो. दार पडतंय म्हणून बायको बरोबर येतेय... असं दार दुरुस्त कोण करील?

पण लोक ऐकतात का? “शेठ, शॉकर बदला, शॉकर बदला!” म्हटलं, काहीतरी केल्यासारखं दाखवू. शिलाई मशीनचं तेल आणलं आणि दांड्यांना चोपडलं. अहो, कापसाचा धंदा! दोन दिवसांत दांड्यांना मिशा फुटल्या! मेस्त्रीनं बघितलं आणि कपाळाला हात लावला. “शेठ, ह्याला बाहेरनं तेल लावतात होय? कोरड्या फडक्यानं पुसायचं फक्त. तेलावर कचरा बसला, कचऱ्यानं सील खाल्लं, उरलासुरला गॅस पण गेला.” म्हटलं, “मग उजवा तेवढा बदलतोस?” “एक नवा, एक जुना ठेवला तर दाराला पीळ बसेल. बदलायचे तर जोडीनं.” म्हटलं, बघू सावकाश. दाराचा काय भरवसा, तसाच माझ्या ‘सावकाश’चाही नाही!

मग एका सकाळी हिला वेणी घालता येईना. हात खांद्याच्या वर जाईना. आरशासमोर बसली, कंगवा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “अहो, माझा खांदा की तुमचा दांडा, काय ते एकदा ठरवा.”

जमेल तशी वेणी घातली आणि हिला घेऊन गेलो मेस्त्रीकडे.

“कुणीतरी दार धरा,” मेस्त्री म्हणाला. मी पुढे झालो, तर ही म्हणते, “सरका, तुम्हाला डुलकी लागेल.” आणि चांगल्या हातानं तिनंच धरलं. मेस्त्रीनं स्क्रूड्रायव्हरनं क्लिप उचकटली, टक्... जुना बाहेर. नव्याची बारीक दांडी खालच्या अंगाला ठेवून दाबला, खट्... बसला. मग दुसरा. “सोडा वहिनी.” तिनं सोडलं. दार राहिलं हो वर! आणि हिचा हात तसाच हवेत... दाराला टाटा केल्यासारखा.

आता डिकी काय उघडते म्हणून सांगू! नुसतं बोट लावा... स्स्स्स... झोपेतून कूस बदलावी तशी हळूऽऽ वर जाते आणि थांबते. तीनदा उघडून बघितली. दुसऱ्या दिवशी खाली हॉर्न वाजवला, तर ही खिडकीतून, “आता माझं काय काम? दार राहतंय की आपलं आपण!” नुसतंच ‘ये’ म्हणावं तर... इतक्या वर्षांनी कारणाशिवाय ‘ये’ म्हणायचं कसं असतं, तुम्हीच शिकवा!

परवा त्याच लॉजवर उशांत शिरलो. पांढरं, मऊ, गार... आणि चिडीचूप. कुणी विचारायलाच नाही, झोपलात की काय, म्हणून खरंच झोपलो! मॅनेजरनं पाय ओढून बाहेर काढलं.

तेव्हा मंडळी, हात जोडून एकच विनंती. गाडीचे शॉकर बदलाल तेव्हा हिशेब इमानानं मांडा. नुसते शॉकर आणि मजुरी लिहून मोकळे होऊ नका. सोबत गेली, ती नावे टाका. खांदा बरा झाला, तो जमेला लिहा. आणि खांदा आधी लिहा बरं का... शेवटी हिशेब तपासणार बायकोच आहे.