तांबडीला वेगळं ठेवलं

ताई : मान नको धरूस रे! पंख दाबून धर, दोन्ही. मान आवळलीस तर भीतीनेच जीव सोडेल कोंबडी.

भाऊ : धरलेत.

ताई : अगं बाई गं! पाठीवर पीस म्हणून राहिलं नाही. सोलून काढल्यासारखी केलीय काळीला. तुला सकाळी दिसलं नाही हे?

भाऊ : दिसलं.

ताई : मग?

भाऊ : मग काय. दिसलं.

ताई : धन्य आहे तुझी! एवढं रक्त वाहतंय आणि हा दाराशी बसून बघतोय. अरे, एकदा लाल दिसलं की बाकीच्यांनाही चेव चढतो. सगळ्या मिळून तुटून पडतात. संध्याकाळपर्यंत उरली नसती ही. ती जांभळ्या औषधाची बाटली सरकव इकडे. आणि कापूस.

भाऊ : याने बरी होईल?

ताई : जखमही सुकते आणि लाल रंगही झाकला जातो. दिसलं नाही की टोचत नाहीत. हलू नको गं बये, झालंच. पण मला एक सांग, तुझ्या तिघींना जाळीपलीकडे ठेव म्हटलं होतं ना मी? माझ्या आणि तुझ्या, आधी नुसत्या एकमेकींना बघू देत, म्हटलं होतं की नाही?

भाऊ : म्हटलं होतंस.

ताई : मग जाळी कोणी काढली?

भाऊ : मी. काल. जाळीला टेकून बसल्या होत्या, अलीकडे दोघी, पलीकडे दोघी. वाटलं, झाली ओळख.

ताई : इतक्यात? अरे, दोन घरच्या कोंबड्या एकत्र आल्या की आधी मानपान ठरतो. खायला पुढे कोण, दांडीवर वर कोण, सगळं. थोडी टोचाटोची व्हायचीच. त्यात आपण पडायचं नसतं. पण रक्त निघालं की पडायचं. हे काम माझ्या मुकादमिणीचंच. म्हातारी झाली, तुरा लोंबायला लागला, पण तोरा काही जात नाही मेलीचा. आता तिलाच उचलून पिंजऱ्यात टाकते.

भाऊ : तिने नाही केलं.

ताई : मग कोणी?

भाऊ : आमच्याच तांबडीने.

ताई : तांबडीने? ती तर गरीब गाय आहे!

भाऊ : मुकादमीण आली, खाल्लं, गेली. मग तांबडी काळीच्या पाठीवर चढली. एकेक पीस ओढत होती. ओढायची आणि खायची.

ताई : आणि तू काय करत होतास?

भाऊ : बघत होतो.

ताई : उठावंसं नाही वाटलं?

भाऊ : उठायचं होतं. उठलो नाही.

ताई : काल मी भाजीत मीठ घालायला विसरले. तुझ्या भावोजींनी पहिल्या घासाला ताट सरकवलं. तू दोनदा वाढून घेतलीस.

भाऊ : नव्हतं का मीठ?

ताई : काय बोलावं तुला. बरं, ही तांबडी तुमच्या घरीसुद्धा असंच करायची का?

भाऊ : नाही. तिघी गुण्यागोविंदाने असायच्या.

ताई : तू बघायचास?

भाऊ : मी वर्कशॉपमधून यायचो तेव्हा खुराड्यात असायच्या. गप्प.

ताई : म्हणजे वहिनीलाच विचारायला हवं.

भाऊ : नको.

ताई : नको कशाला? लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गेली, ते बाळ आता रांगायला लागलं. घराला कुलूप घालून, खोक्यात तीन कोंबड्या घेऊन तू माझ्या दारात उभा राहिलास. का, ते मी विचारलं नाही. पण तू एकदा तरी तिला फोन केलास का?

भाऊ : ती करते ना तुला.

ताई : करते. आणि काय विचारते ठाऊक आहे? कोंबड्या कशा आहेत.

भाऊ : मग सांग, बऱ्या आहेत.

ताई : बऱ्या? हे माझे हात बघ. मी खोटं सांगायची नाही. तू काळीला धर, मी तिला फोन लावते.

(फोन स्पीकरवर. काळी भावाच्या मांडीवर.)

वहिनी : बोला ताई. बाळ आत्ताच झोपलंय, हळू बोलते.

ताई : अगं, काळी जखमी झालीय. पाठ पार उघडी पडलीय. हा म्हणतो, तांबडीने केलं.

वहिनी : तीच असणार.

ताई : असणार म्हणजे? हा तर म्हणतो, घरी तिघी गुण्यागोविंदाने असायच्या.

वहिनी : रोज करायची ताई. पहिल्यापासून. म्हणून मी दाणे दोन ठिकाणी टाकायचे, थोडे नळाजवळ, थोडे मागे झाडाखाली. आणि त्यांचं खाऊन होईस्तोवर मध्ये उभी राहायचे खराटा घेऊन. मारायचा नाही, नुसता आडवा धरायचा.

ताई : रोज?

वहिनी : दोन्ही वेळेला. कितीदा गॅसवरची भाजी करपली त्यापायी.

ताई : ऐकलंस का रे?

वहिनी : आहेत का ते तिथे?

ताई : आहे की. काळीला मांडीवर घेऊन बसलाय.

वहिनी : बरं. मग ऐका. काळीला जखम सुकेपर्यंत जाळीआड ठेवा, पण बाकीच्यांना दिसेल अशी. नजरेआड झाली तर विसरतात, परत नव्याने सुरुवात. तांबडीला मात्र पूर्ण वेगळी काढा. तिला कोणी दिसता कामा नये. चार दिवस. परत आली की तीच नवखी होते, मग जरा नरम पडते.

भाऊ : पिसं खात होती.

वहिनी : पिसं खात होती? मग खाण्यात काहीतरी कमी पडतंय. नुसते दाणे घालताय?

भाऊ : दाणेच.

वहिनी : मी सुक्या मासळीचा चुरा घालायचे त्यात. डबा होता ओट्याखाली.

भाऊ : घरी राहिला.

वहिनी : मग नवा आणा. अहो.

भाऊ : हं.

वहिनी : मी आता येणार नाही. लेकीला हाताशी कोणीतरी लागतं हे खरं, पण त्यासाठी नाही. मला यायचं नाही. ताईंच्या तोंडून कळण्यापेक्षा मीच सांगते.

ताई : अगं, असं फोनवर कोणी सांगतं का?

वहिनी : समोर बसून सांगितलं होतं ताई. निघायच्या आदल्या दिवशी. हे पान्यांना तेल लावत होते. "हं" म्हणाले.

भाऊ : म्हणालो असेन.

वहिनी : आता कळलं ना?

भाऊ : कळलं. चार दिवस वेगळी ठेवायची.

वहिनी : हो. तेही. ठेवते ताई, बाळ उठलं.

ताई : अरे, माणूस आहेस की दगड? बायको संसार मोडला म्हणून सांगतेय आणि तू तिला तांबडीचं सांगतोस?

भाऊ : काय म्हणायला हवं होतं?

ताई : ये म्हणायचं! नाहीतर चार शिव्या हासडायच्या! काहीतरी!

भाऊ : सुचलं नाही. ताई, तांबडीला कशात ठेवू?

ताई : जिन्याखाली जुना पिंजरा आहे. दार मोडलंय त्याचं.

भाऊ : दार मी करतो.

* * *

ताई : उठलास कधी? मला वाटलं झोपलायस. चार दिवस भरले म्हणून काल तिन्हीसांजेला तांबडीला दांडीवर बसवलंस ना? मग आज सकाळी काय झालं? मारामारी?

भाऊ : नाही. दार उघडलं तशी मुकादमिणीने तिच्या डोक्यात एक टोच मारली. तांबडीने मान खाली घातली. मग आमच्या तिसरीने, कवडीनेही एक मारून घेतली.

ताई : कवडीने! म्हणजे मुंगीलाही पंख फुटले म्हणायचे. आणि काळी?

भाऊ : लांब होती. पाठीवर बारीक पिसं फुटतायत, पाहिलीस? खाताना तांबडी एकदा तिच्या अंगावर जायला लागली. मी मध्ये उभा राहिलो.

ताई : खराटा घेऊन?

भाऊ : नुसताच. वळली मग.

ताई : वहिनीला सांगायला हवं. काळजी करत होती.

भाऊ : सांगितलं.

ताई : तू फोन केलास? स्वतःहून? काय म्हणाली?

भाऊ : पाण्याचीही दोन भांडी ठेवा म्हणाली.

ताई : अजून?

भाऊ : मी म्हटलं, तू रोज उभी राहायचीस ते मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, ठाऊक आहे.

ताई : परत ये म्हणालास?

भाऊ : नाही. येणार नाही म्हणालीय ना ती.

ताई : हं. तुझ्या भावोजींशी बोलले मी रात्री. मागची खोली रिकामी करून देतो म्हणाले. पाहुण्यासारखा बाहेरच्या कोचावर किती दिवस झोपणार तू?

भाऊ : बरं.

ताई : रडलास तरी चालेल रे. इथे कोंबड्यांशिवाय कोणी नाही. मीसुद्धा पाठ करून उभी राहीन.

भाऊ : येत नाही गं. कधीकधी थांबून बघतो, येतंय का. नाही येत.

ताई : नको येऊ दे. हा कोबी टांगायचाय. चोचीला उद्योग असला की एकमेकींच्या वाटेला कमी जातात. ही दोरी घे.

भाऊ : किती उंच?

ताई : जरा मान वर करावी लागेल इतका. वर घे. अजून थोडा. हां, तिथेच. धरून ठेव, मी गाठ मारते.