खाण्यासाठी सुरक्षित

त्या दिवशी मी नेहमीसारखा डबा भरत होतो, तेवढ्यात अण्णांचा फोन आला. “अरे, डॉक्टर म्हणतात, छाती कामातून गेली.”

अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. अंबडच्या एका कारखान्यात पॉपकॉर्नला लोण्याचा वास देणारं रसायन ते पिंपात ढवळायचे. संध्याकाळी घरी आले की वहिनी म्हणायच्या, “तुम्ही नुसते शेजारी बसा, कोरडी भाकरीसुद्धा लोणी लावल्यासारखी लागते.”

डॉक्टरांना त्या वाफेचाच संशय होता. ते कानावर गेल्यावर कारखान्यातले तपासणीचे साहेब घरी आले, ते खिशात छोटी बाटली घेऊनच.

“अण्णा, हे खाण्यासाठी सुरक्षित आहे. रीतसर तपासलंय. हे बघा.” त्यांनी बोटावर थेंब घेतला आणि चाटला. “झालं काही मला?”

अण्णांना धाप लागली होती, तरी ते हसले. “साहेब, मी खात कुठे होतो? आता बाटली उघडी ठेवा आणि पाच-सहा वर्षं तिच्याशेजारी बसा.”

साहेबांनी घाईघाईने बूच लावलं.

वहिनींनी विचारलं, “वाफ छातीत गेली तर काय होतं, ते तपासलंय का?”

“वहिनी, वस्तू खाण्याची आहे. तपासणी खाणाऱ्याचीच होते.”

“आणि ढवळणाऱ्याची?”

“वर कळवतो,” साहेब म्हणाले.

दिवाळीच्या आधी अण्णा गेले. पिंपावर आता दुसरा माणूस आहे. वाफेची तपासणी अजून झालेली नाही.